पाचवा पॉइंट

मिकोलाइव्ह, ३ नोव्हेंबर २०२२

रोदिओन,

तुझा पत्ता यित्कानं दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तीन वेळा मेसेज केला तेव्हा कुठे तिनं दिला, आणि वर लिहिलं, ‘माझा नवरा वाचेल की नाही, सांगता येत नाही.’ तू माझा नंबर बंद केला आहेस म्हणून कागदावर लिहितोय.

माझ्यासाठी काही मागत नाही. आपल्या आईसाठी मागतोय.

एप्रिलमध्ये तिला फक्त झोपताना ऑक्सिजन लागायचा. आता दिवसभर लागतो. मशीन खुर्चीशेजारी घुरघुरत असतं आणि तिच्या नाकात नळी असते. मशीन विजेवर चालतं, आणि वीज दिवसातून आठ तास नसते, कधी बारा. वेळापत्रक लावतात, पण ते पाळलं जाईल अशा दिवसांत आपण राहत नाही. सिलिंडर हॉस्पिटलांनाच पुरत नाहीत. आतापर्यंत माझ्या गाडीची बॅटरी वर आणून चालवलं. ती पाऊण तास टिकते. त्यानंतर आईला खुर्चीसकट चार मजले उतरवून अग्निशमन केंद्रात न्यायचं, तिथे जनरेटर आहे. गेल्या आठवड्यात सहा वेळा नेलं. खाली पोचेपर्यंत तिचे ओठ निळे होतात, आणि वर खुर्ची उचलणाऱ्यांना ती म्हणते, "हळू, हळू. मी तीस वर्षं क्रेनवर चाळीस टनांचे पत्रे उचललेत, एकही आपटला नाही."

मी एक पेटी बनवतोय. बॅटरी, तिच्यावर मीटर, आणि मीटरमधून निघणारे वेगवेगळे पॉइंट. बाकी सगळं माझ्याकडे आहे. चांगले सेल नाहीत. इथे जे मिळतात ते एक तर मेलेले असतात, नाहीतर विकणारा खोटं बोलतो. तिकडे जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांमधले मिळतात असं ऐकलं. आठ हवेत. माप मागच्या बाजूला काढून दिलं आहे.

एप्रिलमध्ये तू सीमेवर दोन दिवस थांबलास आणि ती आली नाही, याचा राग तू माझ्यावर काढलास. ‘तू तिला मारशील,’ असं म्हणालास. तिचीच तयारी नव्हती, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. म्हातारं माणूस घर सोडत नाही. ते जाऊ दे.

सेल पाठवता येत असतील तर पाठव.

युखिम


मिकोलाइव्ह, २० नोव्हेंबर २०२२

रोदिओन,

मिनीबसवाल्यानं खोकं आणून दिलं. आठ सेल, प्रत्येक विटेएवढा, फोममध्ये गुंडाळलेला, टोकांवर टोप्या. आत चिठ्ठी नव्हती. मी फोमचा एकेक तुकडा उलटापालटा करून पाहिला. असो.

सेल उत्तम आहेत. मी प्रत्येक एक पूर्ण रिकामा केला, पूर्ण भरला, मोजला. आठांत मिळून उणंपुरं एका टक्क्याचं अंतर आहे. तुला माहीतच आहे, एकतीस वर्षं मी वीज मंडळाच्या तपासणी खोलीत लोकांचे मीटर खरं बोलतात की खोटं, एवढंच बघत बसलो. तेव्हा माझ्या ‘उत्तम’ शब्दाला थोडी किंमत दे.

आईला खोकं कुणाकडून आलं ते सांगितलं. तिनं खोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "त्यानं स्वतः बांधलंय का दुकानातून?"

"स्वतः. गाठ बघ की."

तिनं दोरीची गाठ हातात घेतली. "ही मी शिकवलेली आहे," म्हणाली, आणि दोरी एप्रनच्या खिशात टाकली.

पेटीसाठी तपासणी खोलीतली जुनी लाकडी पेटी घेतली, जिच्यातून आम्ही कसोटीचा मीटर घरोघर न्यायचो. निवृत्त झालो तेव्हा ती भंगारात चालली होती. तळाला सेल, वर पातळ फळी, फळीवर इन्व्हर्टर. झाकणाला मीटर बसवला. बॅटरीतून जाणारा प्रत्येक थेंब एका पितळी पट्टीतून जातो, मीटर त्या पट्टीवर नजर ठेवतो आणि किती गेलं, किती उरलं ते टक्क्यांत दाखवतो. समोर चार पॉइंट काढले. पहिला आईच्या मशीनचा, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दुसरा दिव्याचा, तिसरा फोनांचा, चौथा इंटरनेटच्या डबीचा.

आई खुर्चीतून बघत होती. म्हणाली, "तुझ्या बापानं एकदा रेडिओ उघडला होता. त्याला जाऊन बावीस वर्षं झाली, रेडिओ अजून उघडाच आहे."

"आई, हा रेडिओ नाही."

"तेच म्हणतेय. त्यावर निदान गाणी तरी लागायची."

मग पॉइंटांचे आकडे आपणच लिहिणार म्हणून हटून बसली. एकाचा आकडा सातासारखा आलाय. मी पुसला नाही.

पूर्ण भरली की आईचं मशीन एकटं चौदा तास चालतं. काल अकरा तास वीज नव्हती. आई खुर्चीत होती, मशीन घुरघुरत होतं, मी बटाटे सोलत होतो. महिन्याभरात पहिल्यांदा आम्ही चार मजले उतरलो नाही.

तुझे उपकार मानायला लिहिलं.

युखिम


मिकोलाइव्ह, ८ डिसेंबर २०२२

रोदिओन,

एक तारखेला तुझा फोन आला. आईच्या जुन्या फोनवर, नेहमीसारखा. तिला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू असतो, मला ऐकू येणारच. तू विचारलंस, "थंडी कशी आहे?" ती म्हणाली, "जशी असते तशी." तू विचारलंस, "पाणी येतं का?" ती म्हणाली, "येतं, पण खारट. कपडे धुऊन मिठासारखे कडक होतात." चार मिनिटं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तो मांडीवरच धरून होती. पूर्वी तू आठवड्यातून तीनदा करायचास. मी काही बोलत नाही, तुझी कामं असतात.

इथे दिवस बरे आहेत, आपल्या हिशेबानं बरे. रशियन फौज नदीपलीकडे हटली तेव्हापासून तोफा ऐकू येत नाहीत. वीज मात्र आणखी जाते. आता चार तास येते, सलग नाही. तेवढ्यात पेटी भरत नाही. ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते की पुन्हा अंधार. पण पुरतं.

शेजारच्या दारातली नोन्ना आर्कादीव्हना आठवते का? शाळेत भूगोल शिकवायची. अजून शिकवते, आता घरून, लॅपटॉपवर. तिची पोरं कुठे कुठे पांगली आहेत. कुणी पोलंडमध्ये, कुणी खेड्यात आजीकडे, एक मुलगी स्पेनला. वीज गेली की वर्ग बंद. परवा ती जिन्यात उभी राहून रडत होती. रडत नव्हते म्हणते, पण होती.

आईनं ऐकलं. मला म्हणाली, "तिला एक पॉइंट दे."

"आई, ही पेटी तुझ्यासाठी आहे."

"मी खुर्चीत बसून श्वास घेते. तेवढ्यासाठी एवढी मोठी पेटी? अठ्ठावीस पोरांचा वर्ग आहे तिचा."

"वर्ग चार दिवस बुडाला तर कोणी मरत नाही."

"मी चार दिवस जास्त जगले तर कोण शिकतं?"

तिच्याशी बोलण्यात कोण जिंकलंय? सोमवारी पाचवा पॉइंट काढला. लांब वायर, दाराखालून जिन्यात आणि तिच्या दाराखालून आत. लॅपटॉप, दिवा आणि तिची इंटरनेटची डबी. फार खात नाही. मीटरवर आकडा हलतही नाही, म्हटलं तरी चालेल. आई भिंतीला कान लावून भूगोल ऐकते. काल जेवताना मला विचारलं, "आइसलंडची राजधानी कोणती?" मला आली नाही. तिला आली.

युखिम


मिकोलाइव्ह, १८ डिसेंबर २०२२

रोदिक,

नोन्नानं तुला फोनवर सांगितलं तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. तू माझ्याशी बोलायचं नाही म्हणालास, ते मला ऐकू आलं. ठीक आहे.

तू तिला विचारलंस, "त्रास झाला का?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मग ती म्हणाली, "नाही, बेटा, नाही झाला."

बुधवारी, चौदा तारखेला, दुपारी गेली. छाती आधीच थकलेली होती. डॉक्टर सप्टेंबरपासून म्हणत होते की हिवाळा कठीण आहे. मी जवळच होतो. तिच्या खुर्चीत, खिडकीपाशी. काल पुरलं. आम्ही सात जण होतो. तिच्या क्रेनवरची एक जुनी बाई आली होती, काठी घेऊन. तिनं आईबद्दल सगळ्यांसमोर सांगितलं, "स्तेपानिदाच्या हाताखाली कधी कुणाचं बोटसुद्धा चिरडलं नाही."

तू येऊ शकत नव्हतास. आत आलास तर लढाईच्या वयाचा म्हणून बाहेर सोडणार नाहीत. सगळ्यांना माहीत आहे. कुणी काही म्हटलं नाही.

तिला करडा स्वेटर घातला. तिनंच सांगून ठेवला होता.

युखिम


मिकोलाइव्ह, ११ जानेवारी २०२३

रोदिक,

काही विशेष नाही. पाण्याची रांग आता लहान आहे, आणखी एक टाकी बसवली. थंडी बेताची. आईचं मशीन हॉस्पिटलला देऊन आलो, तिथे वाट बघणाऱ्यांची यादी आहे.

पेटी मध्ये एकदा उघडली होती. बघायला. काही नाही, नीट आहे. तुझे सेल नीट आहेत.

नाताळात नोन्नानं उकडलेले गहू आणि खसखस आणून दिली. एक वाटी आईच्या जागी ठेवली. बाकीची मी खाल्ली नाही, नोन्नाला वाटलं खाल्ली.

तुला लिहायचं म्हणून बसतो आणि असं काहीतरी लिहून उठतो.

युखिम


मिकोलाइव्ह, २६ जानेवारी २०२३

रोदिक,

आईचा चाळिसावा दिवस रविवारी झाला. संध्याकाळी नोन्ना बसली होती, तिला यित्काचा फोन आला. मी चहा ओतत होतो. नोन्ना फोन ठेवून म्हणाली, "युखिम सावीच, एक विचारू? तुमचा भाऊ जेवत नाही म्हणे. सारखा एकच घोकतो, सेल जुने होते, नवे घ्यायला हवे होते, त्यानंच दगा दिला."

मी चहा ओततच राहिलो. टेबलावर सांडला.

रोदिक, सेल चांगले होते. हे पहिल्यांदा वाच आणि मग पुढचं वाच. सेलमध्ये काहीही दोष नव्हता. दोष माझ्या हाताचा होता. मला नोव्हेंबरातल्या इतकं कोरडं अक्षर काढता येत नाहीये, पण लिहितो.

नोन्नाचा पॉइंट काढला त्या सोमवारी वीज नव्हती. तिचा वर्ग दहाला होता आणि साडेनऊ झाले होते. मी तुला लिहिलं होतं की प्रत्येक थेंब पितळी पट्टीतून जातो. पट्टीच्या पलीकडच्या बोल्टवर चार वायरी आधीच बसल्या होत्या. पाचवी बसेना. लांब बोल्ट शोधायला हवा होता, तो माझ्या डब्यात होता, पण डबा माळ्यावर होता. मी पाचवी वायर पट्टीच्या अलीकडे, सरळ बॅटरीच्या बोल्टला लावली. मनाशी म्हटलं, संध्याकाळी नीट करू.

संध्याकाळी केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग विसरलो.

अलीकडून जे जातं ते मीटरला दिसत नाही. मी तुला अभिमानानं लिहिलं होतं, आकडा हलतही नाही. हलणार कसा? नोन्नाचा लॅपटॉप, दिवा, डबी, रोज सात-आठ तास, आणि मीटर म्हणतो काहीच गेलं नाही. पेटी एकदा जरी काठोकाठ भरली असती तर मीटर आपोआप ताळ्यावर आला असता. पण चार तासांत ती कधी भरलीच नाही. आणि या सेलांचं असं आहे की विजेचा दाब शेवटपर्यंत सरळ राहतो. मग एकदम कोसळतो. आधी इशारा देत नाहीत. हे मी शिकाऊ मुलांना शिकवलेलं आहे.

बुधवारी सकाळी सहाला वीज गेली. बाराला मीटरवर शेहेचाळीस टक्के होते. म्हणजे सहा तास. मी ते बघून पाण्याला गेलो.

मी जवळ नव्हतो, रोदिक. ते खोटं लिहिलं. आई म्हणाली, "दोन बाटल्या जास्त आण, डोकं धुवायचंय, खाऱ्या पाण्यानं केस दोरखंड झालेत." मी म्हटलं, "चार आणतो." दाराला बाहेरून कुलूप लावून गेलो. ती उठून कडी लावू शकत नव्हती आणि मध्यंतरी खालच्या मजल्यावर चोरी झाली होती. रांगेत सव्वा तास गेला. पुढे एक म्हातारा होता, त्याची बाटली गळत होती, लोक हसत होते, मीही हसलो.

जिना चढताना वरून धडधड ऐकू आली. नोन्ना आमच्या दारावर मुठी मारत होती. मला बघून ओरडली, "माझा दिवा गेला! मला वाटलं तुम्हीच बंद केला! मग ते मशीन वाजायला लागलं, वाजतच राहिलं, आता तेही थांबलंय!" मला किल्ली लागेना. तीन वेळा खाली पडली.

आई खुर्चीत नव्हती. नळी काढून भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेली होती. खिडकीची खालची कडी तिनं उघडली होती, वरच्या कडीला हात पुरला नसेल. खाली बसली होती, कपाळ काचेला टेकलेलं. मीटरवर तेव्हा बेचाळीस दाखवत होते.

अँब्युलन्स आली. त्यांनी सगळं केलं. उशीर त्यांना झाला नाही, मला झाला.

त्रास झाला. तू विचारलं होतंस. झाला.

पेटी दुसऱ्या आठवड्यात उघडली आणि दोन मिनिटांत ती वायर दिसली. नोन्नाला मी सांगितलेलं नाही. तिला वाटतं बॅटरी अचानक बिघडली. तिच्या वर्गाची वीज कुठून गेली हे तिला कळलं तर ती पुन्हा शिकवायला उभी राहणार नाही. तू सांगू नकोस. वायर मी योग्य बोल्टला लावली आणि पेटी तिच्याकडे ठेवली. तिला वाटतं मी उदार आहे. मला ती घरात नको होती.

आता जेव.

युखिम


मिकोलाइव्ह, ९ फेब्रुवारी २०२३

रोदिक,

यित्का म्हणते तू पत्र वाचलंस आणि दोन दिवस कामावर गेला नाहीस, मग गेलास. मला शिव्या घातल्या नाहीस म्हणे. म्हणालास, "घाईत कुणाकडूनही होतं."

हे कळलं नसतं तर मी पुढचं कधीच लिहिलं नसतं. पण तू मला माफ करायला निघाला आहेस आणि तुला माहीत नाही कशाकशाबद्दल. असं माफ झालेलं मला पचणार नाही.

एप्रिलमध्ये तू सीमेवरच्या पालांकाच्या नाक्यावर पलीकडे गाडी लावून थांबला होतास. मी तुला फोन केला, "ती येत नाही म्हणते. परत असं काही ठरवू नको, असं सांग म्हणाली."

ती असं म्हणाली नव्हती.

तिनं आदल्या दिवशीच बॅग भरली होती. तपकिरी, चेन खराब असलेली, तिला पट्टा बांधला होता. औषधं, बाबांचा फोटो, तुझ्या पोरीसाठी विणलेली टोपी. मशीन मी पुसून खोक्यात घालायचं होतं. बस सकाळी सातची होती आणि दोन जागा मी स्वतः लिहून आलो होतो. तिला नाक्यापर्यंत पोचवून मी परतणार होतो. साठ पूर्ण नसलेल्या पुरुषाला पलीकडे सोडत नव्हते.

पहाटे ती कोट घालून खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले. मला म्हणाली, "मी गेल्यावर तू जेवशील ना नीट?" मी हो म्हटलं. मग जिन्यात गेलो, बस बघून येतो म्हणून. तिथे उभा राहिलो. एका पायरीवर बसलो. आपलं घर आठवलं, ती नसलेलं. खुर्ची, मशीन नसलेला कोपरा. बाहेर तोफा होत्याच, वाटेत धोका होताच, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. खोटंही नव्हतं. पण कारण ते नव्हतं. कारण मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, ना बायको ना पोर, आणि मला एकटं राहायची भीती वाटली.

वर जाऊन मी तिला सांगितलं, "रोदिकचा फोन आला. गाडी सीमेपलीकडे किशिनाउजवळ बंद पडली. तो परत गेला."

"पुन्हा कधी येणार?"

"काही बोलला नाही."

ती कोटातच बसून राहिली. अकरा वाजले तेव्हा म्हणाली, "त्याची कामं असतात." बॅग तिनं एकदम रिकामी केली नाही. तीन दिवस लावले. टोपी सगळ्यात शेवटी काढली.

तुला वाटलं तिला तुझ्याकडे यायचं नाही, म्हणून तू फोन कमी केलेस. तिला वाटलं तू तिला घ्यायला आला नाहीस, म्हणून तिनं विचारलं नाही. तिचा स्वभाव तुला माहीत आहे, मागून घेणं तिला जमायचं नाही. तुझाही तसाच. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्या स्पीकरसमोर बसायचो आणि तुमच्यातलं कोणी आता विचारेल, आता विचारेल म्हणून माझे हात गार पडायचे. तुम्ही थंडीबद्दल बोलायचात. मी सुटायचो. आठ महिने मी तुम्हा दोघांना थंडीबद्दल बोलू दिलं.

वायर घाईत चुकली. हे घाईत झालं नाही.

युखिम


मिकोलाइव्ह, २७ फेब्रुवारी २०२३

रोदिक,

शनिवारी तू नोन्नाच्या फोनवर मला बोलावलंस. तू काय म्हणालास ते मी लिहून ठेवलं आहे, म्हणजे नंतर मी ते स्वतःशी सौम्य करून घेऊ नये.

तू म्हणालास, "मी तिथे दोन दिवस होतो. पोरीनं पुढच्या सीटवर आजीसाठी उशी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उशी मी डिकीत टाकली."

मी म्हटलं, "रोदिक—"

तू म्हणालास, "थांब. ती मेली तेव्हा तिला वाटत होतं की मी आलोच नाही?"

मी म्हटलं, "हो."

मागे नळ वाहत होता, यित्का भांडी घासत असावी. मग म्हणालास, "तू दार लावून गेलास, वायर चुकीची लावलीस, ते मी पोटात घातलं असतं. घातलंही होतं." आणि मग, "मला पुन्हा लिहू नकोस. एवढं एकच लिही, ती कुठे आहे. लढाई संपली की मी येईन. तिच्याकडे. तुझ्याकडे नाही."

म्हणून लिहितोय.

स्मशानभूमीला दोन फाटकं आहेत. मोठ्या फाटकानं येऊ नकोस, तिथून नवी बाजू लागते, झेंडे लावलेल्या सैनिकांच्या कबरींची, आणि ती रोज वाढते, तुला वाट सापडणार नाही. मागच्या फाटकानं ये, जिथे फुलवाल्या बायका बसतात. आत आल्यावर डाव्या हाताला पाण्याचा हापशी पंप आहे. तिथून सरळ, अक्रोडाच्या दोन झाडांपर्यंत. दुसऱ्या झाडापाशी उजवीकडे वळ. सोळावी रांग. रांगांचे खांब पडलेत, तेव्हा मोजत ये. बाबांच्या शेजारी जागा नव्हती, त्यांच्यापासून चार सोडून पाचवी. सध्या लाकडी क्रूस आहे, माती बसली की दगड लावीन. दगडावर नाव आणि तारखा, खाली दुसरं काही नाही. तुला काही घालायचं असेल तर यित्काला सांग, ती नोन्नाला सांगेल.

मार्चपर्यंत चिखल असतो, बूट घालून ये. कधीही आलास तरी एप्रिलच्या शेवटी आलास तर बरं, तेव्हा तिच्या बाजूला ऊन दुपारी दोनपर्यंत राहतं.

मी रविवारी जातो. कधी बुधवारी. शनिवारी मी तिकडे कधीच जात नाही. तू शनिवारी ये.

युखिम